उसने औषध : विंचूदंश आणि प्राझोसिनची कहाणी

महाड हे नाव उच्चारले की आपल्यासमोर प्रथम चवदार तळे उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. २० मार्च १९२७ नंतर आपल्या लेखी त्या गावाला दुसरी ओळख उरली नाही. परंतु त्याच महाडमध्ये पुढे पन्नास-साठ वर्षांनी आणखी एक गोष्ट घडली. तिची नोंद लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आहे. आपल्या चळवळीच्या नियतकालिकांतून मात्र तिच्याविषयी काही वाचल्याचे मला आठवत नाही. ही गोष्ट विंचवाच्या विषावरील औषधाची आहे. मी साहित्याचा प्राध्यापक नव्हे. बारामतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. तेव्हा या लेखात थोडे रसायन येणार, ते वाचकांनी सोसावे.

विंचू आपल्या साहित्यात जुना आहे. एकनाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा आहे. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरचा विंचू असा आध्यात्मिक नव्हता. तो तालीच्या दगडाखाली, गोवऱ्यांच्या हुडव्यात, जळणाच्या ढिगात, रचलेल्या विटांच्या फटीत राहत असे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या रानात पोचले तिथे ऊस उभा राहिला. आमची वस्ती मुरमाड जिरायतीत, कालव्याच्या वरच्या अंगाला. विंचू जात पाहून चावत नाही असे म्हणतात, ते खरे आहे. परंतु दगड कोणी उचलायचे, भट्टीवर विटा कोणी रचायच्या, पाचटात हात कोणी घालायचा आणि रात्री जमिनीवर कोणी निजायचे, हे आपल्या समाजव्यवस्थेने आधीच ठरवून ठेवलेले असल्यामुळे विंचवाला ते वेगळे पाहावे लागत नाही.

१९९८ च्या मे महिन्यात माझ्या चुलत भावाला विंचू चावला. तो सात वर्षांचा होता, मी आठ. विंचू लहान आणि तांबूस होता, म्हणून मोठ्या माणसांनी फारसे मनावर घेतले नाही. आमच्याकडे धास्ती होती ती काळ्या, थोराड इंगळीची. पायाला दोरी आवळली आणि उतारा करणाऱ्याला बोलावणे धाडले. तासाभरात पोरगा ओकू लागला. अंगातून घामाच्या धारा लागल्या आणि हातपाय मात्र थंड. आजी म्हणाली, "लेकराचं अंग बर्फावानी गार पडलंय, मग ह्यो घाम कशाचा?" तिला कोणी उत्तर दिले नाही. जीप मिळेपर्यंत रात्र झाली. दवाखान्यात त्याला एक इंजेक्शन आणि सलाइन दिले गेले. पहाटे त्याला श्वास घेता येईना, तोंडावाटे गुलाबी फेस आला आणि उजाडण्यापूर्वी तो गेला.

आजीचा प्रश्न अगदी शास्त्रीय होता, हे मला एम.एस्सी. झाल्यानंतर कळले. म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

तांबड्या विंचवाच्या विषात प्रथिनांचे लहान लहान रेणू असतात. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमला आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात, मिटतात आणि त्यातूनच संदेश पुढे जातो. हे विष त्या दारांना पाचर मारून ठेवते. दार मिटत नाही, तंतू शांत होत नाही आणि शरीर आपल्याजवळचा अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचा साठा एकाएकी रक्तात ओतते. वाघ समोर आल्यावर जे थोडेसे स्रवावे, ते इथे बेसुमार स्रवते. घाम, ओकारी, लाळ ही त्या वादळाची पहिली खूण. रक्तवाहिन्यांवर 'अल्फा' नावाची ग्राहके असतात. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन त्यांवर बसले की रक्तवाहिन्या आवळतात. हातापायांकडे जाणारे रक्त अडते, म्हणून ते गार पडतात. घाम येत असतानाच गार पडतात. हृदयाला या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावे लागते. ते थकते, आणि मग मागे तुंबलेल्या रक्तातले पाणी फुप्फुसात झिरपू लागते. तोंडाशी येतो तो फेस या पाण्याचा असतो. मूल कोरड्यावर बुडते म्हणाना.

काळी इंगळी दिसायला भयंकर, तिची कळही जबर. परंतु तिचे विष सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो लहान तांबडा विंचू. कळ किती आहे यावरून धोका मोजता येत नाही. घाम, ओकारी आणि थंड हातपाय यांवरून मोजावा लागतो. ही एवढी गोष्ट जरी आमच्या वस्तीला ठाऊक असती, तरी दोन तास वाचले असते.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातले. घरची गरिबी, पडेल ते काम करीत त्यांनी नागपुरास वैद्यकीचे शिक्षण पुरे केले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तांबडा विंचू फार. त्यांच्या केंद्रात विंचू चावलेली माणसे येत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मरत. ज्यांच्यात विष अंगभर भिनले, अशा रोग्यांपैकी सुमारे ३० टक्के त्या काळी दगावत असत. पुस्तकात जे उपचार लिहिले होते ते सारे चालू होते: गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड. त्यांनी गुण येत नसे, काहींनी तर अपाय होई. बावस्करांनी केले ते प्रथमदर्शनी फार साधे होते. ते रोग्याजवळ बसून राहिले. दर थोड्या वेळाने रक्तदाब, नाडी, हातापायांचा स्पर्श, श्वास, सारे लिहीत गेले. या निरीक्षणांचे टिपण १९८२ साली 'लॅन्सेट'ने छापले. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हे टिपण लिहिले जाणे शक्य नव्हते, कारण तिथवर हे रोगी जिवंत पोचतच नसत.

वादळ ओळखता आले. आता आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल कशा करायच्या हा प्रश्न उरला. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध ते काम करते, परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाबावर सतत पहारा ठेवावा लागतो. आरोग्य केंद्रात हे जमायचे कसे? तोंडाने देता येईल, खिशाला परवडेल आणि नेमके अल्फा ग्राहकांवरच जाऊन बसेल असे काही हवे होते. तसे एक संयुग बाजारात होतेच. त्याचे नाव प्राझोसिन.

प्राझोसिन हे फायझर या अमेरिकन कंपनीचे संयुग. १९७६ साली ते 'मिनिप्रेस' या नावाने अमेरिकेत विक्रीस आले, आणि आले ते उच्च रक्तदाबासाठी. दर महिन्याला औषध विकत घेऊ शकेल आणि जन्मभर घेत राहील, असा तो रोगी. विंचू चावलेला वीटभट्टीवरचा मजूर त्यांच्या हिशेबात कुठे नव्हता. त्याने असण्याचे काही कारणही नव्हते. परंतु अल्फा ग्राहकाला रोगी कोण आहे हे कळत नाही. त्याच्यावर प्राझोसिन बसले की नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला जागा मिळत नाही. आवळलेली नळी सैल होते आणि हृदयावरचे ओझे उतरते. १९८३-८४ च्या सुमारास बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांना हे औषध देण्यास सुरुवात केली. मुलांना वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीचा एक तुकडा. औषध दिल्यावर मुलाला उठू द्यायचे नाही, निजवूनच ठेवायचे, कारण पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. (हे मी औषध कसे चालते ते समजावे म्हणून लिहीत आहे. मात्रा देणे हे डॉक्टरचे काम आहे. कोणी घरी प्रयोग करू नये.) १९८६ साली हे अनुभव पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आले. मृत्यूचे प्रमाण पुढे १ टक्क्याच्या आसपास उतरले.

गेल्या हिवाळ्यात ही हकीकत मी इंदापूर तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर सांगत होतो. आमची काही मुले तिथे अभ्यासवर्ग घेतात. बीडकडची एक बाई मध्येच म्हणाली, "सर, ही गोळी बीपीची हाय म्हणता, मग लेकराला कशी काय देता?" वर्गात असा प्रश्न मला कोणी विचारत नाही.

तिचा प्रश्न औषधशास्त्राच्या गाभ्यालाच हात घालतो. औषध हे मुळात एक संयुग असते. प्रयोगशाळेत त्याला धड नावही नसते. अक्षर आणि आकडा एवढीच त्याची ओळख. आज औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर देतात ते बेडाक्विलिन चाचणीत होते तेव्हा आर२०७९१० आणि पुढे टीएमसी२०७ म्हणून ओळखले जाई. अशा संयुगाची आधी प्राण्यांवर परीक्षा होते. मग थोड्या निरोगी माणसांवर, शरीराला किती झेपते ते पाहण्यासाठी. मग थोड्या रोग्यांवर. त्यानंतर शेकडो-हजारो रोग्यांवर, जुन्या उपचाराशी किंवा औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून. या साऱ्या काळात ते 'चाचणीतले औषध' असते. त्याच्या कागदपत्रांत एक रकाना असतो: हे कशासाठी? संयुगाचा गुण निसर्गनियमाने ठरतो. हा रकाना मात्र माणूस भरतो, आणि जो चाचणीचा खर्च करतो तो भरतो. म्हणून रक्तदाबाच्या औषधांची रांग लागते आणि विंचवासाठी म्हणून शोधलेले संयुग मिळत नाही. आपल्या वाट्याला येते ते उसने औषध. प्राझोसिन किती झेपते, किती दिल्यावर चक्कर येते, हे दुसऱ्यांच्या रक्तदाबासाठी आधीच तपासलेले होते. म्हणूनच महाडला फक्त एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे राहिले होते. त्या बाईला मी हे एवढे लांबवून सांगितले नाही. म्हणालो, कुलूप दोन्हीकडे तेच आहे, म्हणून किल्ली चालते. तिला ते पटले.

परंतु उसने औषध नेहमीच आपल्या भल्याचे असते असे मानणे भाबडेपणाचे होईल. लेट्रोझोलचे उदाहरण घ्या. हे संयुग पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगासाठी. २००३ च्या सुमारास भारतात ४०० हून अधिक स्त्रियांना ते मूल होण्यासाठी दिले गेल्याचे उघडकीस आले. त्यासाठी परवानगी नव्हती; आपल्यावर प्रयोग चालला आहे हे त्या स्त्रियांना सांगितलेले नव्हते; आणि जे निष्कर्ष निघाले ते औषधाचा खप वाढवण्यासाठी वापरले गेले. २०११ साली शासनाने या उपयोगावर बंदी घातली. पुढची गोष्ट गुंतागुंतीची आहे. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेली, संमती घेऊन आणि नियम पाळून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. बीजकोशाच्या एका विकारात लेट्रोझोल जुन्या औषधापेक्षा सरस ठरले. २०१७ साली भारतातली बंदीही उठली. म्हणजे औषध उपयोगाचे निघाले. मग त्या ४०० स्त्रियांवर अन्याय झाला नाही असे म्हणायचे काय? माझ्या मते झालाच. औषध चांगले निघाले हा त्यांच्या बाबतीत केवळ योगायोग होता. ते वाईट निघाले असते तरी त्यांना कोणी कळवले नसते. महाडच्या उसनवारीत गोळी विकणारा कोणी नव्हता, रोगी मृत्यूच्या दारात होता, रूढ उपचार हरलेले होते, आणि जे घडले ते सारे उघडपणे छापून जगापुढे तपासणीला ठेवले गेले. दोन्हीकडे औषध उसनेच, व्यवहार वेगळा.

संमती हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. या माणसाविषयी आदर वाटतो तो यासाठी. परंतु त्यानंतर त्याच महिन्यात लस तपासली गेली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर. कैदी स्वखुशीने पुढे आले अशी नोंद आहे. बाहेर प्लेग, आत पहारा. तिथे स्वखुशी म्हणजे काय असते याचा विचार ज्याचा त्याने करावा. ज्याला नाही म्हणण्याची सवयच लागू दिलेली नाही, त्याच्या होकाराचे मोल किती?

आज कायदा बराच पुढे आला आहे, हे मान्य केले पाहिजे. २००९ पासून देशातली प्रत्येक औषध-चाचणी सुरू होण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवणे सक्तीचे झाले. २०१९ च्या नियमांप्रमाणे संमतीपत्र रोग्याला समजेल अशा भाषेत हवे. रोग्याला वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. आणि ज्या नीतिसमितीने चाचणीला मंजुरी द्यायची, तिच्यात वैद्यकीशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्ती असावी लागते. ती व्यक्ती कोण असते, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय? बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपली मुले-मुली तिथे शिकत आहेत, आपली माणसे तिथे खाटेवर आहेत. पुणे जिल्ह्यात चाचण्या नव्या नाहीत. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक परिसरातली बालके रोटाव्हायरसवरील स्वदेशी लशीच्या चाचणीत होती. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर मिळून ६,७९९ बालकांवर ती चाचणी झाली, आणि आज ती लस सरकारी लसीकरणात आहे. चाचणीला सरसकट विरोध करणे म्हणजे आपल्याच रोगांवर औषध नको म्हणणे होय. अंगठा उठवण्यापूर्वी मात्र विचारायचे: हे औषध कशासाठी, कोणाला काही झाले तर कोण पाहणार, नको म्हटले तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील ना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नियमाने 'होय' असेच आहे.

चाचणी कशी असावी, याचाही नमुना महाडनेच दिला आहे. विंचवाचे विष निष्प्रभ करणारे प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार केले. ते खरोखर उपयोगी आहे काय हे पाहण्यासाठी डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला काहीच द्यायचे नाही असे त्यांनी केले नाही. प्राझोसिन दोन्ही गटांना दिले. एका गटाला त्यावर प्रतिविषही दिले. ज्या औषधाने जीव वाचतो हे ठाऊक आहे ते कोणापासूनही राखून ठेवले नाही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२ होते, केवळ प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. २०११ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

माझ्या मनात राहते ते वेगळेच. १९८६ साली महाडची बातमी लंडनला पोचली होती. वरंधा घाट चढून भोरमार्गे महाडहून आमच्या तालुक्यात एका दिवसात येता येते. १९९८ सालच्या त्या रात्री, बारा वर्षांनंतरही, ती बातमी आमच्या जीपच्या रस्त्यावर कुठे नव्हती. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. त्यांनी जे शिकले ते केले. ज्ञान वरून खाली झिरपत येईल अशी आपली एक समजूत असते. आमच्याकडे पाणीसुद्धा तसे येत नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा.

औषध शोधले गेले म्हणजे ते आले, असे होत नाही. म्हणून आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी दर उन्हाळ्याच्या तोंडी आसपासच्या आरोग्य केंद्रांत जाऊन दोनच गोष्टी विचारतो: प्राझोसिनच्या गोळ्या आहेत काय, आणि विंचवाचे प्रतिविष आहे काय. वस्त्यांवर सांगतो की दोरी आवळू नका, जखम कापू नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा, आणि घाम सुटून हातपाय गार पडले तर उताऱ्यासाठी थांबू नका. गेल्या वर्षी एका केंद्रात औषधे सांभाळणाऱ्या बाईंनी कपाट उघडून दाखवले. गोळ्या होत्या, परंतु रक्तदाबाच्या खणात. त्यांनी आमच्यादेखत त्यातल्या दोन पट्ट्या काढून तातडीच्या पेटीत ठेवल्या आणि पेटीच्या झाकणावर खडूने 'विंचू' असे लिहिले.